डाव्या हाताची सुरी

माझ्या आईचा हात महाराष्ट्रासाठी मोडला, असं आमच्या कोळीवाड्यात अजून सांगतात. सांगणारे मान हलवतात, ऐकणारे हळहळतात आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आईचा हात एका लाठीनं मोडला. ती बाजारातून घरी येत होती. डोक्यावर पाटी होती, पाटीत न खपलेली मासळी होती. लालबागच्या नाक्यावर अचानक पळापळ सुरू झाली, मागून पोलीस आले. बरोबरच्या बायांनी पाट्या टाकल्या आणि त्या गल्लीत शिरल्या. आईनं टाकली नाही. उजव्या हातानं पाटीचा काठ धरून ती भिंतीच्या कडेनं चालत राहिली आणि लाठी पडली ती त्याच हातावर. तिनं त्या दिवशी घोषणा दिली नव्हती. मोर्च्याचं तिला वावडं नव्हतं, एकदोनदा ती गेलीही होती, पण त्या दिवशी ती नुसती घरी येत होती. हे मी कितीदा सांगितलं. ऐकायचं कुणाला असतं? लोकांना हुतात्मा हवा असतो, मासळीची पाटी नको असते.

हाड बसवायला वाड्यातलाच एक म्हातारा होता. त्यानं बांबूच्या कामट्या लावून, कसला तरी लेप थापून हात बांधला. पट्टी सोडली तेव्हा मधली दोन बोटं वाकडी जुळली होती आणि अंगठा तळव्याजवळ येईचना. मूठ वळत नव्हती. म्हातारा म्हणाला, "हात हाय ना जागेवर? मंग?" त्याला मी दारातूनच चार शब्द सुनावले. आईनं मला गप्प केलं आणि त्याला चहा करून दिला.

आता आमची अडचण काय होती ते सांगते. वडील मी लहान असतानाच समुद्रात गेले होते. घरात आम्ही दोघीच. आईची परळच्या बाजारात ओट्यावर बसायची जागा होती, ती तिला तिच्या सासूकडून आलेली. आमच्यात जागा सासूकडून सुनेला जाते, मुलीला मिळत नाही, कारण मुलगी उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार. आईला मुलगा नव्हता, म्हणजे सून नव्हती. शेजारची जागा माझ्या काकीची. काकीला दोन सुना आणि जागा एकच. आईच्या जागेवर तिचा डोळा किती दिवसांपासून होता ते मला ठाऊक आहे.

आणि मासळी नुसती विकून भागत नाही. गिऱ्हाइकाला ती साफ करून, तुकड्या पाडून हवी असते. जी कापत नाही तिच्याकडे कोण उभं राहणार? आईचा हात बांधलेला होता तोवर मी कापत होते, कुणी काही बोललं नाही. पट्टी सुटली, मूठ वळत नाही हे ओळीतल्या सगळ्यांनी पाहिलं आणि मग जुन्या बायांनी आईला बोलावून सांगितलं, की नारळी पौर्णिमेनंतर नवा हंगाम धरला की तू स्वतःच्या हातानं कापायला बस. पोर किती दिवस कापणार, उद्या तिचं लग्न झालं की? तुला जमलं तर जागा तुझी, नाहीतर काकीच्या धाकट्या सुनेला देऊ. हे सांगताना काकी पदराला डोळे पुसत होती. तिला रडूही हवं तेव्हा येत असे.

मी ठरवलं, आईचा डावा हात शाबूत आहे, तर त्या हाताची सुरी करायची. तशी सुरी कुठं विकत मिळत नव्हती. बाजारात सगळ्यांकडे एक तर पायाखाली दाबून धरायची विळी, नाहीतर ओंडक्यावर मारायचा कोयता. विळीला मासा दोन्ही हातांनी धरावा लागतो, आणि कोयत्याचं वजन मनगटात लागतं. मी घरातला एक जुना पत्रा घेतला, त्यावर आईचा डावा पंजा पालथा ठेवून कोळशानं रेघ मारली. आई म्हणाली, "काय गो, माझा पंजा कशाला काढतेस? मी मेली काय?" मी म्हटलं, "आये, गप बस."

कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे एक लोहार बसत असे. कापसाच्या गाठी ओढायला हमाल जे लोखंडी आकडे वापरतात ते घडवणं हा त्याचा धंदा. साताऱ्याकडचा माणूस, भात्यापुढे बसून बसून तोंड तांबूस झालेलं, चुन्याची डबी कायम कनवटीला. आमच्या बायांचे कोयतेही तोच करायचा आणि मजुरी मासळीत घ्यायचा. मी पत्रा त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो उलटासुलटा करून पाहिला.

"डावा हात हाय व्हय?" तो म्हणाला. "त्यात काय! लोखंडाला डावं-उजवं न्हाई कळत."

पहिली सुरी दिसायला देखणी आणि कामाला कुचकामी. मूठ लाकडाची, गोल, घोटून गुळगुळीत केलेली. आईनं ती हातात घेतली, मासा धरला, आणि माशाचा बुळबुळीतपणा मुठीला लागल्याबरोबर सुरी हातातच फिरली. आईनं ती खाली ठेवली. मी ती उचलून पुन्हा लोहाराकडे गेले तर तो म्हणतो, मूठ इतकी चांगली घोटलीय, हमाल तर खूश असतात. हमालांना मासे कापायचे असतात का? मी घरी येऊन मूठ काढली, दगडावर घासून चपटी केली आणि वडिलांच्या जुन्या जाळ्याचं सूत तिच्यावर गच्च गुंडाळलं. ओल्या हातात सूत जास्तच आवळतं. मुठीचा प्रश्न सुटला म्हणून मला वाटलं काम झालं.

दुसऱ्या सुरीचं पातं मी जड मागितलं, कारण घोळ, रावस असल्या मोठ्या माशाचा काटा हलक्या पात्याला दाद देत नाही. लोहारानं लॉरीच्या कमानीचा एक तुटका पाटा शोधून आणला, तापवून ठोकला, पाणी दिलं. धार अशी, की नखावर ठेवली की रुतायची. पण पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला असतात, मोठा मासा मिळत नाही आणि मिळाला तर सरावाला फुकट घालवायचा कसा? म्हणून आम्ही दुध्यावर सराव करायचो. कोळ्याच्या घरात रोज दुध्याची भाजी! शेजारणी वास घेऊन जायच्या आणि विचारायच्या, माळकरी झालात की काय.

आई दुधी कापायची आणि प्रत्येक चकती वरून जाड, खाली येता येता कागदासारखी. सुरी हात धरून बाहेर ओढल्यासारखी सरकायची. असली तुकडी तव्यावर टाकली तर एक कड जळणार आणि दुसरी कच्ची राहणार. कोण घेईल? आई थोडा वेळ प्रयत्न करायची आणि मग म्हणायची, "डावा तो डावाच, बाय. त्याला काय अक्कल?" स्वतःच्या हाताला ती असं बोलायची, नाठाळ पोराला बोलतात तसं. मला ते ऐकवत नसे. मी तिच्या हातातून सुरी हिसकावून घेई आणि स्वतःच्या डाव्या हातानं कापे. माझीही चकती तशीच वाकडी. उजव्यात घेतली की सरळ. मग मलाही वाटायला लागलं की दोष हाताचाच असणार, आणि त्या वाटण्याचाच मला जास्त राग यायचा.

एका दुपारी मी सुरी धुऊन पुसत होते. पात्याची एक बाजू भट्टीतून आली तशीच काळी होती, सपाट. दुसरी बाजू घासून उतरती केलेली, चकचकीत. मी सुरी उजव्या हातात धरली. चकचकीत बाजू बाहेर, पडणाऱ्या तुकडीकडे. डाव्यात धरली. आता काळी बाहेर आणि चकचकीत आत, माशाकडे. आईचा जुना कोयता कोपऱ्यात होता तो उचलला. तोही एका बाजूनं काळा, आणि त्याच बाजूनं. मी काकीच्या घरी गेले, न विचारता तिचा कोयता उचलून बघितला. तोही तसाच. काकी ओरडत राहिली, मी तशीच पळत कॉटन ग्रीनला गेले.

लोहार आधी हसला. मग त्यानं दुकानातला एक कोयता उचलला, मग दुसरा, मग खुरपं. सगळ्यांची धार एकाच बाजूनं घासलेली. ज्याच्या हातात जाणार तो उजवाच असणार, हे त्यानं, त्याच्या बापानं, आज्यानं कुणी कधी ठरवलं नव्हतं, पण त्यांच्या हातांनी ते धरून चाललं होतं. तो हसायचा थांबला आणि चिडला. कुणावर कोण जाणे. "आन पाटा," तो म्हणाला, "उलटी घासतो."

आणि पुन्हा त्याच बाजूनं घासली! मी तिथं बसले असते तर दिसलं असतं, पण मी बाजारात होते. दुसऱ्या दिवशी गेले तर त्यानं मोठ्या ऐटीत तिसरी सुरी पुढे केली, आणि ती हुबेहूब दुसरीसारखी. त्याच्या हातानं त्याचं ऐकलंच नव्हतं. मी त्याला एवढं बोलले, की पलीकडच्या गोदामातले हमाल बाहेर येऊन बघायला लागले. मग चौथ्या पात्याच्या वेळी मी त्याच्यासमोर ठाण मांडून बसले. त्याच्याच डबीतला चुना घेऊन पात्याच्या ज्या बाजूला घासायचं त्या बाजूला ठिपका दिला, आणि तो पातं फिरवायला लागला की ओरडायचे, "ठिपका! ठिपका!" तो शिव्या देत घासत होता.

त्या सुरीनं चकती सरळ पडली. आईनं ती उचलून उजेडात धरली, कडेवर बोट फिरवलं आणि दुसरी कापली. मग तिसरी. पूर्ण दुधी कापून झाला तेव्हा ती हसली. हात मोडल्यानंतर ती पहिल्यांदा हसत होती. मी रडले. आनंदानं नाही. मला संताप आला होता, की इतके दिवस ती आपल्या हाताला शिव्या देत होती आणि दोष पात्याचा होता.

एक गोष्ट राहिली होती. एका हातानं कापायचं तर मासा धरणार कोण? ते लोहारानंच सुचवलं. हमालांच्या आकड्याचा एक लहान भाऊ त्यानं घडवला, बोटाएवढा, आणि गिरणीतल्या जुन्या कॅनव्हासच्या पट्ट्यावर तो बसवून दिला. पट्टा आईच्या उजव्या तळव्याला बांधायचा, आकडा माशाच्या डोक्यात रुतवायचा आणि हाताचा नुसता भार द्यायचा. मूठ वळायची गरजच नाही. उजवा हात धरतो, डावा कापतो. नारळी पौर्णिमेच्या आधी वाड्यात एक मोठा रावस आला होता. आईनं तो आमच्या अंगणात कापला. तुकड्या अशा एकसारख्या, की बघायला आलेल्या बायांनी त्या एकावर एक रचून पाहिल्या. काकीसुद्धा आली होती. ती आल्या पावली परत गेली.

हंगामाचा पहिला बाजार. आई नवं लुगडं नेसून बसली. मी मागे उभी. पहिलं गिऱ्हाईक दादरची एक बाई आली, आमची जुनी. मासे खाणारं, शिकलेलं घर, नवरा कॉलेजात शिकवायचा आणि सभांमधून बोलायचा. आईचा हात मोडला तेव्हा ही बाई मोसंबी घेऊन वाड्यात आली होती, आईचा मोडका हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन रडली होती. मला तेव्हा ती फार आवडली होती.

तिनं सुरमई पसंत केली. आईनं आकडा रुतवला, डाव्या हातात सुरी घेतली. बाईचं लक्ष हाताकडे गेलं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "भवानीच ना तुमची? आज घरी भाचीचं केळवण आहे हो. पहिलंच गिऱ्हाईक मी, डाव्या हातानं नका ना करू. मी काही तसलं मानत नाही. पण सासूबाई..."

तोवर काकीनं पलीकडून सूर लावला होता. "डाव्या हाताची भवानी! अगो, तुझा तर गेलाच, पन सगल्यांचा धंदा बसवतेस काय?" दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती उजव्या हातानं, तोंडात गोड बोल ठेवून करायची, मग दिवस चांगला जातो. हे मीही लहानपणापासून बघत आले होते. पण जिला उजवा हातच नाही तिनं काय करायचं, हे कुणी सांगून ठेवलं नव्हतं. ओळीतल्या इतर बायाही कुजबुजायला लागल्या. मी बाईला म्हटलं, "बाई, हा हात कसा मोडला ते तुम्हाला माहीत आहे ना? तुम्हीच रडला होतात ना?" ती लाल झाली. मी आणखी बोलणार होते.

आणि आईनं सुरी खाली ठेवली.

"बरोबर हाय त्यांचा," ती म्हणाली. "मना पन तसाच वाटतंय." तिनं मला पुढे ओढलं आणि ती सुरमई माझ्याकडून, माझ्या उजव्या हातानं कापून घेतली.

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. काकी बोलते ते तिच्या पोटात पाप आहे म्हणून, हे मी समजू शकत होते. ती दादरची बाई घाबरट होती, तेही समजलं. पण आई? आपल्याच हाताला, जो इतके दिवस शिकला, ज्यानं काही वाकडं केलं नव्हतं, त्याला तीच अपशकुनी म्हणत होती. वाटभर मी तिच्या चार पावलं पुढे चालले. घरी गेल्यावर मात्र तोंडाचा पट्टा सोडला. ती शांतपणे म्हणाली, "देताना डावा हात पुढं करायचा म्हंजे शिवी दिल्यासारखा वाटतंय गो. माझ्याच्यानं नाय होत."

दोन दिवसांनी जुन्या बायांनी निवाडा दिला. घरी कशानंही काप. ओट्यावर सुरी आणि माल उजव्या हातात पाहिजे. तेवढं केलंस तर जागा तुझी.

म्हणून पाचवी सुरी झाली.  आखूड, जाड पातं, ते एका लोखंडी कड्यावर तिरकं बसवलेलं, आणि ते कडं कॅनव्हासच्या पट्ट्यानं उजव्या मनगटाला बांधायचं. हातात धरायचं काहीच नाही. डाव्या हातानं मासा नुसता दाबून धरायचा, खांद्यातून जोर लावून पातं वरून खाली दाबायचं आणि तुकडी त्याच पात्यावर उचलून द्यायची. ते कापत नसे, चेचत असे. तुकडीची कड फाटायची, काट्याचे कपचे उडायचे. लोहार करायला तयार नव्हता. "आगं, चांगली सुरी घरी ठिवून हे कशापायी?" तो म्हणाला. मी म्हटलं, आईला विचार. त्यानं विचारलं नाही. त्या वेळी त्यानं मजुरीची मासळीही घेतली नाही.

जागा राहिली. आई ती पाचवी सुरी बांधून बसू लागली. माझं लग्न पुढे वाड्यातच झालं, त्यामुळे रोज सकाळी बाजारात जाऊन तिच्या मनगटाला पट्टा बांधायचं काम माझंच राहिलं. पट्टा ढिला राहिला तर पातं हलायचं, म्हणून करकचून बांधावा लागे. संध्याकाळी सोडला की मनगट सुजलेलं, बोटं निळसर. मी मिठाच्या गरम पाण्यानं शेकायचे आणि शेकताना भांडायचे. आणि ही बाई घरी, स्वतःच्या चुलीपुढे, रोज डाव्या हाताच्या सुरीनं बांगडे कापायची! झरझर, सरळ, गाणं गुणगुणत. घरात भवानी नसते ना. मी ती सुरी आकड्यासकट रोज तिच्या पाटीच्या तळाशी घालून बाजारात न्यायचे, चांगली धार लावून. मुद्दाम. ती रोज बघायची आणि रोज तशीच परत आणायची. आम्ही दोघी एकमेकींहून हट्टी.

त्या वर्षांत आईचं नाव मोठं झालं. कुणी पाहुणे आले की कुणीतरी त्यांना आमच्या ओट्यापाशी आणायचं. "ह्या माउलीनं आपला उजवा हात दिला," असं म्हणायचं. आई मान खाली घालून मासा चेचत असायची. एकदा दादरची ती बाईही दोन मैत्रिणींना घेऊन आली होती. मैत्रिणींनी आईला नमस्कार केला. मासळी मात्र त्यांनी काकीकडून घेतली, तिच्या सुनेच्या तुकड्या चांगल्या पडत होत्या म्हणून. तेव्हा मी काय बोलले ते लिहीत नाही.

आणि महाराष्ट्र झाला. त्या दिवशी परळचा बाजार फुलून गेला होता. तोरणं, गुलाल, ढोल. घराघरांत पाहुणे, प्रत्येकाला मासळी हवी, प्रत्येकाला घाई. आमच्या ओट्यापुढेही गर्दी होती, कारण बाकीच्या ओट्यांपुढे उभं राहायला जागाच नव्हती. आई खांद्यातून जोर लावून लावून घामाघूम झाली होती.

समितीचा एक कार्यकर्ता पेढ्यांचं ताट घेऊन ओळीतून येत होता. तरुण, भला चेहरा, कपाळभर गुलाल. बरोबर पाच-दहा माणसं घोषणा देत. तो आईपुढे थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, "ह्या मावशींना पहिला मान!" त्यानं पेढा पुढे केला. आईच्या उजव्या मनगटाला सुरी बांधलेली होती, ती सोडायला वेळ लागला असता. तिनं डावा हात पुढे केला.

"आजच्या शुभ दिवशी डावा हात, मावशी?" तो हसून म्हणाला. "उजवा करा, उजवा! ज्या हातानं महाराष्ट्र आणला तो!"

लोक हसले. वाईट हसले नाहीत. आनंदाचा दिवस होता, त्यांना खरंच प्रेम वाटत होतं. आईनं डावा हात मागे घेतला आणि उजवा पुढे केला. त्या हातावर पेढा ठेवायला जागाच नव्हती. बोटं वाकडी, पट्ट्यात आवळलेली, आणि पुढे पातं. त्या तरुणानं क्षणभर पाहिलं आणि मग पेढा अलगद त्या पात्यावर ठेवला, खवल्यांत आणि रक्तात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताट पुढे गेलं.

आई त्या पेढ्याकडे बघत बसली. तिचा हात हवेत तसाच.  गिऱ्हाइकं "मावशी, चला ना, आटपा" म्हणायला लागली.

"सोड," ती मला म्हणाली.

मी पट्टा सोडला. पेढा खाली पडला, तो तिनं उचलला नाही. पाटीच्या तळाशी हात घालून तिनं डाव्या हाताची सुरी काढली. मी आकडा तिच्या तळव्याला बांधला. तिनं समोरची घोळ ओढली, आकडा रुतवला आणि डाव्या हातानं पहिली तुकडी पाडली. सरळ. डाव्या हातानंच उचलून ती गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकली.

मी काकीकडे वळले. तयारीत होते. इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं सगळं त्या दिवशी मी तिला सुनावणार होते. तिनं बघितलं, तिच्यापुढे आठ-दहा माणसं उभी होती, आणि ती मान खाली घालून आपला मासा कापत राहिली. पलीकडच्या जुन्या बायांनी बघितलं. त्यांच्याही हातांना फुरसत नव्हती. ज्याच्या पिशवीत तुकडी पडली त्या माणसानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "वा, मावशी! अजून अर्धी घोळ द्या." कुणी म्हणजे कुणी काही बोललं नाही. त्या दिवशीही नाही आणि दुसऱ्या दिवशी, भवानीच्या वेळीही नाही. जागा शेवटपर्यंत आईचीच राहिली.

मला तेव्हा जो राग आला तसा त्या लाठीचाही आला नव्हता. कुणी भांडलं असतं, शिव्या दिल्या असत्या, जागा काढून घेण्याची धमकी दिली असती तर मी समजले असते, की बाबा, ह्यासाठी आईनं ते मनगट सुजवून घेतलं. पण कुणी बोललंच नाही! मग ती पाचवी सुरी कुणासाठी होती? ते शेकणं, ती निळी बोटं, कुणासाठी?

घरी आल्यावर मी आईला तेच विचारलं, ओरडूनच विचारलं. "आये, हे आजच का? इतकी वर्षं का नाही?"

ती मोरीत सुरी धूत होती. वर न बघता म्हणाली, "इतकी वर्सं मना वाटायचं, माझा उजवा हात हाय. आज त्या पोरानं पेढा पात्यावर ठेवला, तवा समजलं, तो हात नाय."

मग तिनं डाव्या हातानं मला भात वाढला आणि मी जेवले.